तेल होतं

१९ नोव्हेंबर
गाडी आली. आसेगावहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, दोरखंडानं बांधून. मागं निम्मं गाव. लाल रंग उन्हात विसरलेल्या मिरचीसारखा उडालेला, दोघांपुरती जागा, डोक्यावर छप्पर नाही. सीटमध्ये उंदरांनी सरकीची कोठारं केलेली. घरासमोर पत्र्याखाली उतरवली.

कसं घडलं ते आजच लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच वेगळं सांगेन.

परवा मालेगावला शेतमजुरांच्या मेळाव्यात बाबांची गोष्ट सांगितली. नेहमीचीच. आसेगावचे मोठे जमीनदार आबासाहेब, त्यांच्या या विलायती गाडीवर बाबा ड्रायव्हर. किन्हीराजाजवळच्या चढावर इंजिन जाम झालं. आबासाहेब चारचौघांत म्हणाले, यानं तेल विकलं, कोरडं इंजिन चालवलं. त्याच दिवशी बाबांना काढलं. बाबा एवढंच म्हणाले, "तेल होतं." मरेपर्यंत त्यावर दुसरं वाक्य नाही. मी तेव्हा बारा वर्षांचा. चाळीस वर्षं ही गोष्ट सांगतो आहे. "तेल होतं" म्हटलं की टाळी पडतेच.

स्टेजवरून उतरलो तर समोर आबासाहेबांचा मुलगा, विनूभाऊ. पहिल्या रांगेत बसून सगळं ऐकलेलं.

"सर, तुमच्या भाषणात आमची गाडी किती खेपा बंद पडली असंल. आता एक खेप चालू करून पाहा. शेडमंदीच हाय. त्या दिवसापासून कोणी हात लावला नाही."

मी म्हटलं, चालू नंतर करू. आधी उघडून पाहू, तेल होतं की नव्हतं.

"होतं, तर तुमच्याच स्टेजवर येऊन आबाच्या वतीनं माफी मागतो. नसलं तर तुमी मागा."

हातावर हात दिला. लोकांदेखत.

२१ नोव्हेंबर
मालेगावचे जब्बारभाई आले. सत्तरीचे, आयुष्य विहिरीवरच्या डिझेल इंजिनांत गेलं. गाडीभोवती दोन चकरा मारल्या. "अशी नाजूक बाई कधी हाती आली नाही, गुरुजी. पण इंजिन थे इंजिन. खाते, पेते, तापते."

प्लग काढून आत डिझेल ओतलं. भिजत राहू दे म्हणाले. खालचं तेलाचं भांडं मात्र वि.भाऊ हजर असल्याशिवाय उघडायचं नाही, असं ठरलेलं.

आई (ब्याऐंशी) काठी टेकत आली. बराच वेळ पाहिलं. "हेच ना थे? तुया बापाची नोकरी खाऊन गेलं अन् पुन्हा दारात आणून बसवलं."

 

२३ नोव्हेंबर
तेल होतं.

जब्बारभाई गाडीखाली, वि.भाऊ गुडघ्यावर, मी पालथा, तोंड जमिनीला. चौदा बोल्ट. भांडं सुटलं. काळं, घट्ट, काकवीसारखं, पण भांडंभर. वि.भाऊंनी बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं. उठून उभे राहिले.

"तेल होतं, सर."

बाबांचंच वाक्य, आबासाहेबांच्या मुलाच्या तोंडून. माझ्या आवाजाला माईक लागत नाही असं लोक म्हणतात. आज पालथा पडून नुसते बोल्ट मोजले. ५ जानेवारीला गावात मेळावा आहे. तिथं बोलतो, वि.भाऊ म्हणाले. निघताना आईच्या पाया पडले. आई म्हणाली, "अगा, चहा तं घेऊन जाय."

२६ नोव्हेंबर
भांड्यात जिथून तेल वर ओढलं जातं, तिथली जाळी ज.भाईंनी आणून दाखवली. राळेसारख्या चिकट गोळ्यानं पार बुजलेली. त्यांनी गोळ्याचा तुकडा काडीवर जाळला, नाकाशी नेला, माझ्या नाकाशी धरला.

"एरंडी हाय, गुरुजी. गाडीच्या तेलात एरंडी कोणी टाकली? या दोघांचं जमत नाही. एरंडी खाली बसते, घट्ट होते, जाळी बंद. मंग भांडं भरेल असून वरती थेंब पोचत नाही."

म्हणजे कोणीतरी टाकलं. बाबांना अडकवायला. आबासाहेबांच्या पदरी माणसं काय कमी होती? गड्याच्या जातीचा माणूस मोटार चालवतो, हे ज्यांना खुपत होतं, त्यांतला कोणी. दिवसभर डोक्यात भाषण तयार होत होतं. सहा पानं लिहिली. फार दिवसांत असं लिहिलं नव्हतं.

२८ नोव्हेंबर
दुपारी जेवताना आईला कारस्थान वाचून दाखवलं. ती भाकरी मोडायची थांबली. मग हसायलाच लागली.

"कायचं कारस्थान? म्याच टाकलं एरंडेल."

शब्द आठवतात तसे:

"तुया बाप मोटार आपल्या दारात लावून, जुनं तेल काढून नवा डबा आनाले गेलता. झाकन उघडं, खाली जुन्या तेलाचं घमेलं. म्या म्हटलं, मानूस उन्हाचा येईन, तवा आपूनच करून ठेवू. बैलगाडीच्या वंगनाचं भांडं होतं, लोटाभर ओतलं. माहेरी गाडीच्या आखाले मीच घालत होती. एरंडेलानं कोनाचं वाईट झालं हाय का कधी? लेकराच्या पोटाले चालते, आखाले चालते."

बाबांना सांगितलं होतंस?

"कायले सांगू? डबा घेऊन आला अन् वरून ओतला. काहून, काय झालं?"

काही नाही, म्हटलं.

सहा पानं फाडली.

२९ नोव्हेंबर
आज आठवलं. नोकरी गेल्यावर आम्ही या गावी आलो, बैलगाडी घेतली. बाबांनी आईला गाडीच्या वंगणाला कधी हात लावू दिला नाही. भांडं स्वतः टांगायचे, उंच. ती पुढं झाली की, "राहू दे, म्या करतो." आम्ही त्याला हट्ट म्हणायचो.

म्हणजे मोटार बंद पडली तेव्हा त्यांनी तेल मोजायची पट्टी काढून पाहिली असणार. वास आला असणार. एरंडेलाचा वास लपत नाही, आणि टाकणारं घरात एकच माणूस. चोर ठरले, पण घरचं नाव बाहेर नेलं नाही. घरातही काढलं नाही.

मी त्या चार अक्षरांवर—
जाऊ दे. उद्या लिहीन.

२ डिसेंबर
लिहायचं नाही असं ठरवलं आहे. इंजिन.

जाळी रॉकेलमध्ये तीन दिवस भिजली, मोकळी झाली. आतला धातू दोन जागी खरवडलेला. अकोल्याला लेथवर देऊन आलो. ज.भाईंनी विचारलं, "एरंडीवाला सापडला का?" नाही म्हटलं. ते हात पुसत राहिले. "इंजिनाले बोलता येत नाही, गुरुजी. म्हणून माया भरोसा त्याच्यावर."

११ डिसेंबर
इंजिन फिरवायचं हँडल घातलं. मी, ज.भाई, मग दोघं मिळून. हलेना. पुन्हा डिझेल. पुन्हा. साडेअकराला बोटभर सरकलं. बोटभर. मी एकसष्ट वर्षांचा माणूस रस्त्यावर जाऊन शेजाऱ्यांना सांगून आलो.

१२ डिसेंबर
पूर्ण फेरा. आतून हुंकारासारखा आवाज. तुरीला पाणी द्यायचं राहिलं. राहू दे.

२० डिसेंबर
ठिणगी आहे. ज.भाईंनी प्लग हातात धरायला लावला, न सांगता. कोपरापर्यंत झटका. "जिवंत हाय," म्हणाले. मी की गाडी, ते सांगितलं नाही.

२७ डिसेंबर
चालू झाली.

टाकी गंजलेली, म्हणून सलाइनची रिकामी बाटली पत्र्याच्या खांबाला टांगून तीत पेट्रोल भरलं, नळी थेट इंजिनात. ज.भाई म्हणाले, "पेशंट आयसीयूतच हाय असं समजा." वि.भाऊ सकाळीच आलेले. आईनं नारळ फोडला, कुंकू लावलं. मग पदराआडून छोटी बाटली काढली, झाकणाकडं वाकली. "दोन थेंब टाकू का? शकुनाले."

मी तिचा हात धरला. "राहू दे, म्या करतो."

मी घरी असं बोलत नाही. आईनं माझ्याकडं पाहिलं. बाटली पदराआड गेली.

पहिल्यांदा खोकली. दुसऱ्यांदा मागून काळा धूर, उंदरांचं घरटं उडालं. तिसऱ्यांदा धरली. थरथर पायांतून छातीत आली. ज.भाई कान लावून, डोळे मिटून. वि.भाऊ लहान मुलासारखे टाळ्या वाजवत. सगळे एकाच वेळी बोलत होते, कोणाचंच ऐकू येत नव्हतं. मीही काहीतरी ओरडत होतो. काय, ते आठवत नाही.

चार मिनिटं चालली. मग बाटली संपली.

२ जानेवारी
मूळ टाकी साफ करून बसवली. ब्रेक ठीक. गावाबाहेर देवळापर्यंत नेऊन आणली. वारा तोंडावर. बाबांना हेच रोज मिळत होतं. हे त्यांनी सोडलं.

संध्याकाळी वि.भाऊ कागद घेऊन आले. रविवारी वाचायची माफी. "भाषा पाहून द्या सर, तुमचा हात चालते त्यात." शेवटची ओळ: "माझ्या वडिलांनी एका प्रामाणिक माणसावर चोरीचा खोटा आळ घेतला."

यात एक शब्दही चुकीचा नाही. चोरी नव्हतीच. पण पुढची ओळ माझ्याकडं आहे, आणि ती कळली तर हा माणूस काय म्हणेल? आईला कळली तर? चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो, सत्य अर्धं सांगणाऱ्याला व्यासपीठ देऊ नका.

वेलांटी दुरुस्त करून कागद परत दिला.

५ जानेवारी, रविवार
घाईत. मेळावा दहाला. ज.भाई बाहेर इंजिन गरम करताहेत. वि.भाऊ परस्पर पोचतील.

आई नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी बसली आहे. काठी दोन सीटच्या मध्ये उभी.

मघाशी विचारत होती, "आज कोनती गोष्ट सांगशीन?"

बाबांची.

"थे तं मले पाठ हाय."

आज जरा पुढची आहे.

"पुढं काय झालं होतं?"

चष्मा आणतो म्हणून आत आलो. चष्मा डोळ्यांवरच आहे. आजवर पहिलं वाक्य ठरल्याशिवाय कधी घराबाहेर पडलो नाही. बाहेर इंजिन एका लयीत चाललं आहे, आणि आईला हॉर्न सापडला आहे. दाबून धरलाय. सोडत नाही.