तिथी नसलेल्या बाबांना

प्रिय बाबा,

उद्या तुम्हाला अग्नी द्यायचं ठरलं आहे. म्हणून आज लिहिते आहे. उद्यानंतर हे पत्र गेलेल्या माणसाला लिहिलेलं ठरेल. आज कुणाला लिहिते आहे, मला माहीत नाही.

तुम्ही सापडला नाहीत, म्हणून तुमच्या जागी दर्भाचा पुतळा. वर पळसाची पानं, डोक्याच्या ठिकाणी नारळ. भटजी सामान सांगत होते, तर आई मध्येच म्हणाली, “नारळ शेंडी काढलेला आणा हो. ह्यांना केस नव्हते.”

भटजी हसले नाहीत. मी हसले. मग हसू तसंच तोंडावर राहिलं, त्याचं काय करायचं कळेना.

तिसरा उन्हाळा गेला, बाबा. प्रत्येक उन्हाळा आधीच्यापेक्षा वाईट. तुम्ही गेलात त्या दुपारी सकाळपासून वीज नव्हती. लिफ्ट बंद. सतराव्या मजल्यावर भिंती तव्यासारख्या तापलेल्या. “जरा वारा खाऊन येतो,” एवढंच आईला म्हणालात आणि जिने उतरलात. वारा कुठे होता त्या दिवशी? कुठे जातो ते सांगून जायची सवय तुम्हाला कधीच नव्हती!

आपला वॉचमन म्हणाला, “ताई, बाबा परळच्या बाजूला वळले. डोक्यावर ओला नॅपकिन होता.” दादर चौपाटीवरचा नारळपाणीवाला म्हणाला, “चाचा इधरही बैठे थे, दीवार पे. भरती चढा तो मैं बोला, उठो अभी.” तुम्ही उठलात का, ते त्याने पाहिलं नाही. गिऱ्हाईक आलं होतं. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू शपथेवर सांगतात, तुम्ही लालबागकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलात, हातात पिशवी होती. तुम्ही पिशवी नेलीच नव्हती, बाबा.

तिघांनी तीन बाबा पाहिले. मी तिघांच्याही मागे गेले.

चौपाटीवर आता वाळू जवळजवळ नाही. तुम्ही मला जिथे भेळ घेऊन द्यायचात, तिथे भरतीला लाटा थेट भिंतीवर आपटतात. त्या भिंतीवर मी किती वेळा बसले! पाण्याकडे बघायचं की रस्त्याकडे, तेच ठरत नाही. पाण्याकडे बघितलं की तुम्हाला मारल्यासारखं वाटतं.

उन्हाने रस्त्यात पडलेली माणसं सरकारी दवाखान्यात आणतात. कित्येकांना स्वतःचं नाव सांगता येत नाही. मी खाटेखाटेपाशी जाऊन तोंडं पाहिली. एकदा माहीमच्या निवाऱ्यातून फोन आला, वर्णन जुळतंय म्हणून. धावत गेले. ते तुम्ही नव्हता. पण त्या म्हाताऱ्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “किती उशीर केलास गं!” मी म्हटलं, “हो, झाला खरा.” मिनिटभर वाटलं, ह्यांनाच घरी न्यावं. हे असं वाटणं बरं की वाईट, बाबा?

कधी वाटतं, तुम्ही आपली चाळ शोधत असाल. गॅलरीत वाळ्याचा पडदा लावून तुम्ही निजायचात, ती. पण ती पाडूनच तर हा टॉवर उभा राहिला! तुमचं घर आमच्या पायाखाली आहे. ते शोधत कुणी किती लांब जाईल?

पुतळ्याचं आत्याने काढलं. तुमची धाकटी बहीण. तिच्यापुढे तुमचं कधी चाललं? भटजी म्हणाले, शास्त्राप्रमाणे बारा वर्षं वाट पाहतात. आत्या उसळली, “तवसर मी जिती रवतलंय काय गो?” मग ठरलं, तिथी माहीत नाही, तर सर्वपित्री अमावास्या. मुलगा नाही, तर अग्नी मी द्यायचा. हो म्हणायचं की नाही, तेही माझ्यावर आलं.

मी भटजींना विचारलं, “आणि बाबा परत आले तर?”

त्याचीही सोय आहे, बाबा! परत आलेल्या माणसाला तुपाने न्हाऊ घालायचं. तो नव्याने जन्मला असं धरायचं. पुन्हा बारसं, पुन्हा मुंज, आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न.

“नाव मीच ठेवतलंय,” आत्या म्हणाली. बारशाचा मान तिचाच.

आई कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली. “पुन्हा त्याच माणसाशी? आणि मला विचारणार आहे का कुणी?”

मला वाटलं, आई नको म्हणते आहे. मला आधार वाटला. म्हटलं, “आई, नकोच करूया. पुतळा जाळला की शोधणं संपलं.”

आई पदराने मान पुसत म्हणाली, “तुझे बाबा पाणी न पिता बाहेर पडले होते. मी तांब्या भरून आणला, तोवर जिन्यात गेले. जिवंत असतील तर कुणीतरी पाणी देईल गं. मुंबईत देतात. पण नसतील तर त्यांना कोण देणार? ते आपणच द्यायला हवं ना?”

तीन वर्षं मी तुम्हाला शोधते आहे. तुम्हाला तहान लागली असेल, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

उद्या तुमच्या नावापुढे ‘प्रेत’ म्हणायचं आहे. माझी जीभ वळेल का? अग्नी देताना मनात दुसरंच काही आलं तर? आणि नेमके तुम्ही तेव्हा लालबागच्या एखाद्या दुकानाच्या पायरीवर बसलेले असलात तर? रागावू नका. असाल तिथे पाणी मागून घ्या. मागायला लाजू नका, तुम्ही फार लाजता!

एवढं वचन देते. उद्या तो शब्द उच्चारीन आणि ओंजळभर पाणी सोडीन. परवापासून पुन्हा खाटांवरची तोंडं पाहीन. दोन्ही एकदम कसं करायचं, ते भटजींनाही सांगता आलं नाही. पण करीन.

आणि आलात, तर तूप मी आणीन, बारसं आत्या करील. लग्नाचं मात्र आईला तुम्हीच विचारा. ती हो म्हणेल, असं मी तिच्या वतीने कबूल करणार नाही.

तुमची,
वंदू