रोजची दोन वाक्यं

सोमवार, १२ ऑगस्ट

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं इकडे बरे आहोत. हाताने पत्र लिहितोय म्हणून हसू नकोस. ऑफिसच्या मेलमध्ये बाबा डोकावतात, आणि हे त्यांच्या नजरेला पडायला नको.

शुक्रवारी सकाळी ऑफिसचा सर्व्हर बसला. डिस्कने मान टाकली. बाबांनी जन्मभर काढलेले घरांचे नकाशे एका फटक्यात गायब! मग तू जाताना कपाटात ठेवलेला पेनड्राइव्ह आठवला. त्यातली ती गुप्त किल्लीची फाइल नव्या डिस्कवर घातली. तिचं कुलूप तू प्रती साठवणाऱ्या दूरच्या सर्व्हरवर आधीच बसवलेलं. त्याने किल्ली ओळखली, पासवर्ड-बिसवर्ड काही विचारलं नाही, आणि आदल्या संध्याकाळपर्यंतचा एकूण एक नकाशा परत आला. मानलं तुला. मॉनिटरवर पासवर्ड चिकटवून ठेवणाऱ्या माणसाच्या ऑफिसात तू हे बसवलंस, आणि तू गेल्यावरही कुणी बोट न लावता रोज प्रत तिकडे जात राहिली. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

शनिवारी सकाळी धावत जाऊन बाबांना नकाशे दाखवले, तर ते बघेचनात. "तिचा मेल आला नाही आज," म्हणाले. "बरी आहे ना ती?"

मला आधी कळेचना. मग ट्यूब पेटली. प्रत पोचली की तुझ्या नावाने आपोआप मेल जातो ना, 'आजची प्रत पोचली. काळजी नसावी'? बाबांना वाटतं, तो रोज सकाळी तू लिहितेस. दुसरीकडे नोकरी धरलीस म्हणून अबोला धरलेला हा माणूस चहा बाजूला ठेवून आधी ते वाचतो. मला म्हणाले, "भांडून गेली, पण एक दिवस चुकली नाही पोरगी."

तो मेल आपोआप जातो, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तूच सांग, काय सांगणार होतो?

नकाशांच्या प्रती कालपासून पुन्हा जायला लागल्यात. तो मेल तेवढा मी अजून चालू केलेला नाही. बाबा सकाळी कॉम्प्युटर उघडून बसतात, मग उगाच पेन्सिलींना टोक काढतात. चालू करायला कितीसा वेळ लागणार, पण हात धजत नाही. ताई, या वेळचा मेल तू लिही. तीच दोन वाक्यं लिहिलीस तरी चालेल.

वाट बघणाऱ्या दोघांपैकी धाकटा,
ढब्बू