कावळ्यांना माझा चेहरा ठाऊक आहे

तीर्थरूप अप्पास,

गिरगावहून धाकट्या गौतमचा, घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेऊन केलेला साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? शीवच्या त्या नव्या डॉक्टरने सांगितलेले व्यायाम तू करत असशील, असं मी समजत नाही. वहिनी करायला लावत असतील, असं समजतो. इकडे सगळी खुशाल आहेत. मृणालिनी बरी, मनवाचं कॉलेज बरं, आणि मी आषाढापासून उघड्या आकाशाखाली स्वस्थ उभा राहिलेलो नाही.

हसू नकोस, आधी पुरतं वाच. येत्या रविवारी सप्तमी, म्हणजे बाबांची तिथी. गच्चीवर पान ठेवायचं ते मी, आणि आजच्या घडीला मी गच्चीवर गेलो तर कावळे पानाकडे बघणारही नाहीत, आधी माझा समाचार घेतील.

झालं असं, की अंगणातल्या बदामावर, अगदी आपल्या गॅलरीसमोर, कावळ्याच्या एका जोडप्याने यंदा घरटं केलं. काड्या, झाडूचे हीर, तारा आणि मनवाच्या इयरफोनची वायर (ती हरवली म्हणून तिने आठवडाभर माझ्यावर संशय घेतला होता). एका सकाळी त्यातलं एक पिल्लू खाली, जिन्याच्या पत्र्यावर येऊन पडलं. तपकिरी, ठिपकेदार, चोच वासून बसलेलं. ते कावळ्याचं नव्हे, एवढं मलाही कळलं. दोन मोठे कावळे आळीपाळीने येऊन त्याच्या घशात चोच खुपसत होते. मी काय समजावं? एका परक्या अनाथ जिवाची हत्या चालली आहे, असं मी समजलो. आर्ताचं रक्षण वगैरे जे मी नववीच्या वर्गाकडून अठ्ठावीस वर्षं घोकून घेतो आहे, ते नेमकं तेव्हाच अंगात आलं. मी पत्र्यावर उतरलो, पिल्लू टॉवेलात गुंडाळलं आणि घरात आणलं.

ते कोकिळेचं पिल्लू होतं, अप्पा, आणि कावळे त्याला भरवत होते.

कोकिळेला संस्कृतात परपुष्ट म्हणतात, म्हणजे दुसऱ्याने पोसलेली. हा शब्द मी किती वेळा फळ्यावर लिहिला असेल, त्याचा समास सोडवला असेल, त्याला दोन मार्क ठेवले असतील. पण तोच शब्द पत्र्यावर बसून समोर जेवत होता, तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. ओळखलं ते वरच्या मजल्यावरच्या बुधाजींनी (डिलाईल रोडचे, मिल गेल्यावर इथे लेकीकडे राहायला आलेले; तू त्यांना पाहिलेलं नाहीस, कारण चार वर्षांत तू हा जिना चढलेला नाहीस). टॉवेलात डोकावून ते शांतपणे म्हणाले, "मास्तरांनु, तुमी कावळ्याचा पोर पळवलात."

मी म्हटलं, अहो, हे कोकिळेचं आहे.

"तां तुमका म्हायत," बुधाजी म्हणाले. "तेंका खंय म्हायत?"

तासाभरात मी पिल्लू परत पत्र्यावर ठेवलं. आईबापांनी ते पदरात घेतलं, भरवायला लागले, ते पुढे मोठंही झालं. फक्त माझा चेहरा त्या तासाभरात त्यांच्या दप्तरी जमा झाला. दुसऱ्या दिवशी शाळेला निघालो आणि टाळूवर पहिला फटका बसला. आधी आवाज होत नाही, हीच त्यातली भीती. कानामागे नुसता वारा लागतो, आणि तो वारा नाही हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. ठाकूरद्वारच्या सिग्नलला दोनशे माणसं उभी असतात, त्यांतून ते मला निवडतात. हेल्मेट घालून चालत गेलो, तर चालण्यावरून ओळखलं (आणि शेजाऱ्यांनी स्कूटर कुठे आहे म्हणून विचारलं, ते वेगळंच). मनवा म्हणते, कावळे चेहरा वर्षानुवर्षं विसरत नाहीत आणि एकमेकांना दाखवूनही ठेवतात. हे तिने मला धीर देताना सांगितलं. आता तर ज्यांनी ते पिल्लू पाहिलंही नाही असे प्रार्थना समाजाकडचे कावळेही मला बघून तार बदलतात. परवा पाठीमागे कोणीतरी फट्कन छत्री उघडली, तर मी वाण्याच्या दुकानात शिरलो आणि बहाणा म्हणून अर्धा किलो साबुदाणा घेतला.

तह करून पाहिला. गॅलरीच्या कठड्यावर रोज मूठभर शेव ठेवायला लागलो. कावळे लांबून बघत बसले आणि शेव खाल्ली कबुतरांनी. चारांची चाळीस झाली. त्यांनी माळ्यावर संसार थाटले. कबुतरांच्या वासावर तळमजल्यावरची बोकी वर आली. कबुतरं उडाली, आणि बोकीची नजर समोरच्या बदामावर गेली, जिथे ते पिल्लू नुकतं फांदीवर बसायला शिकत होतं. मग जो कल्लोळ झाला तो विचारू नकोस. पन्नासेक कावळे जमले, बोकी शेपूट फुगवून उतरली, पिल्लू वाचलं. पण ती पन्नास डोकी बोकीमागे गेली नाहीत. ती वळून माझ्या खिडकीकडे बघत राहिली. त्यांच्या बाजूने विचार कर: या माणसाने आधी पोर पळवलं, आता मारेकरी घातला. मी पडदा ओढून घेतला.

त्यांच्यात एक म्हातारा आहे. तो अंगावर येत नाही. समोरच्या पाइपवर बसून मान तिरकी करून नुसता बघतो, आपलं प्रगतिपुस्तक हातात घेऊन बाबा बघायचे तसा. मी शिकलेला माणूस आहे, असलं काही मानत नाही. पण त्याच्यासमोर मी दोनदा शर्टाची बटणं तपासली आहेत. तुला बाणगंगेवरचा दहावा आठवतो? दीड तास पिंडाला कावळा शिवेना. सगळे काय काय कबूल करून थकले. शेवटी तू पुढे होऊन म्हणालास, "बाबा, मी आणि गौतम भांडणार नाही," आणि एक जण लगेच उतरला. त्यानंतर बरोबर आठ महिन्यांनी मी तुला न विचारता बाबांच्या खोलीला रंग दिला. कावळे विसरत नाहीत, हे मनवाने सांगितल्यापासून मला त्या रंगापायी झोप लागत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा, सध्या छत्रीखालचा,
गौतम

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. रविवारी अकराच्या सुमारास येऊन पान तू ठेवशील का? तू थोरला, मान तुझाच, आणि कावळ्यांशी तुझं काही वाकडं नाही. जिना हळूहळू चढ, बुधाजींनी प्रत्येक वळणावर स्टूल ठेवायचं कबूल केलं आहे. खोलीचं दार हवं तर लोटून ठेवतो.

ता. क. २ : मनवा म्हणते, आपण दोघं मागून सारखे दिसतो आणि पुढून त्याहून सारखे. तेव्हा टॅक्सी अगदी जिन्याशी लावायला सांग, आणि टोपी घाल.

ता. क. ३ : मृणालिनीने पत्र वाचलं. ती म्हणते, गेल्या मंगळवारपासून ती रोज गच्चीवर भाताची मूद ठेवते आणि कावळे तिच्या पायाशी येऊन खाऊन जातात, म्हणजे पानाची अडचण मुळातच नाही. हे मला बुधवारीच कळलं होतं. तरी ये.