सलीमभाईचं ओलं फडकं

शुक्रवार, संध्याकाळ

देऊळगाव राजाच्या बसस्टँडवर मी मोबाईलनं पैसे भरले की वेफर्स-बिस्किटांचा पुडा देणारी मशीन लावली, खप चांगला होता. सोमवारी पाहिलं तर शेजारचा चहावाला सलीमभाई मशीनवर ओलं फडकं फिरवून राह्यला होता. काऊन? माह्या धंद्यानं पोटात दुखत असन. "हात लावायचा नाही," म्हणून चारचौघांत झापलं. तेव्हापासून एक पुडा खपला नाही. त्यानंच काही केलं असन. पण मग ते फडकं कशाले?

आज बायको आली. पैसे भरायच्या क्यूआर कोडवर बोट ठेवून म्हणे, "रोजचं हळदकुंकू इथं लावता?"

लक्ष्मी तिथूनच येते, मग कुठं लावू?

तिनं मोबाईल धरला. स्कॅन होईना.

म्हणजे सलीमभाई रोज माह्यामागून ते पुसत होता. मग सोमवारी सांगितलं काऊन नाही त्यानं?

मी बोलू देलं का त्याले?