तुमच्या नावाचं मौन

इंदूर,
डिसेंबर १९९४

रा. रा. श्रीरामराव जावईबापू यांस दिनानाथचा सप्रेम नमस्कार. प्रकृती कशी आहे? (रीत म्हणून विचारत नाही, खरंच विचारतो आहे. का ते पुढे वाचा.) माझ्या बहिणीला, चि. सौ. सुमनला आशीर्वाद. 'सौ.' मी मुद्दाम दोनदा गिरवलं आहे.

मिलला टाळं लागलं, माझी गेटावरची पहाऱ्याची नोकरी गेली आणि घरी केबल आलं. तेव्हापासून घरात माझं कोणी ऐकत नाही. उरली ती आम्हा माजी सैनिकांची बैठक. पोलोग्राउंडला एका बंद वर्कशॉपात दर महिन्याला भरते. प्रत्येकाने आपली किंवा घराण्याची फौजेतली एक आठवण सांगायची, पण नंबर हुद्द्याप्रमाणे. सुभेदार उदयसिंहजी आधी स्वतःची सांगणार, मग वडिलांची, मग (ज्यांना त्यांनी पाहिलंही नाही त्या) पणजोबांची. माझ्यासारख्या नायकाचा नंबर लागेपर्यंत पोहे येतात, आणि इंदुरात गरम पोह्यांपुढे कोणाची लढाई टिकली आहे?

मला सांगायची होती आपली एकाहत्तरची. बर्फात आपली चमेली (खेचर हो, विसरला नसाल) रसदीसकट दरीत घसरली. तुम्ही दोराने खाली उतरून तिला वर आणलंत, स्वतःचं कांबळं तिला पांघरलंत आणि पायाची दोन बोटं गमावून बसलात. वर्षभर मनात घोकत होतो. पण माझं तोंड नडलं. एकदा चहाच्या ठेल्यावर उदयसिंहजींनाच ऐकवून बसलो.

परवा त्यांनी ती सांगितली, माझ्यादेखत. माझ्या जागी स्वतःला घातलं (एकाहत्तरला हे गृहस्थ महूला स्टोरात कांबळी मोजत होते). तेही गिळलं असतं. पण यांनी दोर तोडला. दोर तुटला, श्रीराम गेला आणि चमेली एकटी परत आली म्हणे. (दरीतून एकटी कशी आली, हे एकानेही विचारलं नाही.) लोक डोळे पुसायला लागले आणि लगेच तुमच्यासाठी दोन मिनिटं मौन. मी ओरडलो की अहो, हा माझा मेहुणा, देपालपुरात गव्हाला पाणी देतो आहे. तर उदयसिंहजी डोळे मिटूनच म्हणाले, "भिया, मौन में नहीं बोलते." मौन संपलं आणि पोहे आले.

तो दोर तुटला नव्हता हो. वरचं टोक माझ्या हातात होतं. तळव्यांची सालटं निघाली तरी मी सोडलं नव्हतं. या माणसाने तुम्हाला मारलं आणि माझी मेहनत मातीत घातली. वर त्या मौनात मला खरंच रडू फुटलं, याचा संताप तर अजून उतरत नाही.

आपला,
दिनानाथ

ता. क. पुढच्या बैठकीत श्रीरामच्या विधवेचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरला आहे. तरी दोघंही या. शाल लोकरीची आहे असं कळलं, तेव्हा ती सुमनच्या खांद्यावर पडेपर्यंत खोकूसुद्धा नका. मग उठा आणि जोडा काढून सगळ्यांना पाय दाखवा.

आणखी एक. हे पत्र मिळताच दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहून टाका. तुम्ही जिवंत आहात हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी टाका.