मिठाच्या वाटीशेजारचे रिव्हॉल्व्हर

अखिल-साउथहॅम्प्टन-महाराष्ट्रीय-समाज-शिरोमणी, शल्यकर्मधुरंधर, शस्त्रविवेकवाचस्पती, भोजनकालीन-व्याख्यान-केसरी, भार्यामौनप्रवर्तक, पुत्रमानमर्दन, सांप्रत मुक्काम स्वर्ग (पुष्टी अप्राप्त)

बाबा,

तुम्ही गेल्यापासूनच्या एकोणीस वर्षांत आपला पत्रव्यवहार झाला नाही. त्यापूर्वीही, आज्ञापत्रे वगळता, फारसा नव्हता. आज लिहिण्याचे प्रयोजन असे की गेल्या महिन्यात आईला माझ्या घरी हलवण्यासाठी तुमचे स्वयंपाकघर रिकामे करत असताना, सर्वांत वरच्या कपाटात, चकलीच्या स्टीलच्या डब्यात, जुन्या रेशमी सोवळ्यात गुंडाळलेले तुमचे रिव्हॉल्व्हर सापडले. या देशात असली वस्तू घरात बाळगणे म्हणजे काही वर्षांचा कारावास, आणि घर आईच्या नावावर आहे. चौऱ्याऐंशी वर्षांची ती संभाव्य आरोपी माझ्या मागे उभी राहून म्हणाली, "अरे, ते तिथंच राहू दे. खंडेनवमीला लागतं."

म्हणजे ते अजून होते. तुमच्या दिवाणखान्यातील भिंतीवर आजही एक चौकट लटकते. हँडगनबंदीचा कायदा आला तेव्हा क्लबातील नेमबाजीचे परवानाधारक पिस्तूल तुम्ही रीतसर जमा केले आणि त्याची पावती काच लावून टांगली. पाहुण्यांना ती दाखवताना तुमच्या चेहऱ्यावर सर्वस्वत्यागी राजर्षीचे तेज येत असे. आजोबांकडून आलेले हे रिव्हॉल्व्हर मात्र बोटीच्या ट्रंकेत, आईच्या साड्यांखाली, कोणत्याही कागदावर न उमटता या द्वीपावर अवतरले होते आणि कागदावर न उमटताच राहिले. हॉस्पिटलच्या बस-स्टॉपवर दोन पोरे तुमच्या कोटावर थुंकली, त्या दिवसापासून ते तुमच्या आतल्या खिशात नित्य वास करू लागले. त्या थुंकीबद्दल मला आजही राग आहे, हे नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढील मजकूर एकतर्फी वाटू नये.

तुमची तौलनिक मीमांसा मला मुखोद्गत आहे. पिस्तूल हे चंचल शस्त्र: स्प्रिंग थकते, गोळी अडकते, सेफ्टीचा खटका घाईत विसरतो. रिव्हॉल्व्हर हे पतिव्रता शस्त्र: पडले तरी चालते, वर्षभर पडून राहिले तरी रुसत नाही, आणि त्याचा चाप इतका जड की चुकून ओढला जात नाही. रोज जवळ बाळगायचे तर रिव्हॉल्व्हरच. हा सिद्धान्त तुम्ही वरणभात कालवत सांगायचात आणि उपसंहारात माझ्याकडे बोट करायचात. "आणि हे आमचे चिरंजीव! पिस्तुलाची जात. ऐन वेळी अडकणार." मंडळी हसायची. मीही हसायचो, बारा वर्षांच्या मुलाला दुसरे काय येते?

मग ती संध्याकाळ. आई पोळी वाढताना म्हणाली, "मला लायब्ररीत काम मिळतंय. मी हो म्हणणार आहे." तुम्ही डाव्या हाताने पाण्याचा पेला बाजूला सरकवला. कोटातून ते काढले आणि मिठाच्या वाटीशेजारी ठेवले. नळी कोणाच्या दिशेला होती हे तुम्हाला ठाऊक आहे. "रिकामं आहे," तुम्ही म्हणालात. "भात वाढ." आईने भात वाढला. लायब्ररी हा शब्द आमच्या घरात पुन्हा उच्चारला गेला नाही. तुम्ही मात्र त्या रात्रीचा भात दोनदा घेतलात.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पाटावर तुमचा स्टेथोस्कोप, आईची विळी, आणि मधोमध ते. पूजेचा मान माझा. "आधी तेल लाव, मग हळदकुंकू. नीट लाव, टाळाटाळ नको," अशी आज्ञा करून तुम्ही आंघोळीला गेलात. मी नीट लावले. चक्राच्या प्रत्येक फटीत, चापाच्या मुळाशी, घोड्याच्या खाचेत तेल आणि कुंकू यांचा लेप इतक्या भक्तीने भरला की गुरुजींनीही मान डोलवली असती. फक्त बाटली माझ्या क्रिकेटच्या बॅटची होती, जवसाच्या तेलाची. ते तेल काही दिवसांत सुकते आणि वॉर्निशसारखे कडक होते.

दिवाळीच्या फराळाला जमलेल्या डॉक्टरमंडळींसमोर तुम्ही माझा कान धरलात. "या महापंडिताला गन-ऑइल आणि बॅटचं तेल यांतला फरक कळत नाही! उद्या हा पेशंटला सलाईन म्हणून काय चढवेल? ज्या हाताला एवढं कळत नाही, त्या हाताखाली मी कुत्रंसुद्धा झोपवणार नाही." तेल नेमके कोणत्या शस्त्राला लागले, हे मंडळींना सांगण्याचे तुम्ही शिताफीने टाळलेत. "मी साफ केलंय, आता उत्तम चालतंय," असेही जाहीर केलेत. वैद्यकशास्त्राची द्वारे माझ्यासाठी चिवडा खाता खाता बंद झाली. पुढे मी किटल्या आणि बाबागाड्या यांचा टिकाऊपणा व सुरक्षितता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागलो. तुम्ही मरेपर्यंत माझी ओळख "आमचे किटलीतज्ज्ञ" अशी करून दिलीत.

डबा सापडल्यावर मी पोलिसांना फोन केला. एक तरुण अधिकारी आली, सोबत एक अबोल गृहस्थ. आधीच घोटून ठेवलेले वाक्य मी इंग्रजीत म्हटले, की हे वडिलांचे असावे आणि आईला याची यत्किंचितही कल्पना नव्हती.

"आहे की कल्पना," आई स्वयंपाकघरातून तितक्याच स्वच्छ इंग्रजीत म्हणाली. "दर वर्षी मीच काढते. मीच परत ठेवते."

"आई, तू जरा बस."

"खोटं का बोलतोस रे पोलिसांशी? यांनीसुद्धा पोलिसांशी कधी खोटं..." एवढे बोलून ती त्या चौकटीकडे पाहत राहिली.

त्या मुलीने वहीतून डोके वर काढले नाही. अबोल गृहस्थांनी हातमोजे घालून चक्र उघडून पाहिले. उघडेना. घोडाही हलेना.

"सर, हे लाल काय आहे?" त्या मुलीने विचारले.

"कुंकू."

"रक्त नाही ना?"

"नाही. धर्म."

"वर्षानुवर्षं हललेलं नाही हे," ते गृहस्थ म्हणाले. "कुणी दुरुस्तीला कसं नेलं नाही?"

कसे नेणार? कागद नव्हता. मग लक्षात आले, बाबा, की त्या दिवाळीनंतर तुम्ही निवृत्त होईपर्यंत एक गोठलेला लोखंडाचा तुकडा छातीशी बाळगून रोज वॉर्डात गेलात आणि रोज रात्री आम्हाला त्याच्या विश्वासार्हतेवर प्रवचन दिलेत. ते यंत्र माझ्या बाकावर आले असते तर अहवाल दोन ओळींचा झाला असता. टिकाऊपणा: अनुत्तीर्ण. सुरक्षितता: उत्तीर्ण, मात्र याचे श्रेय धारकास देता येत नाही.

गेल्या आठवड्यात त्या पोलीस मुलीचा फोन आला. आईवर कारवाई होणार नाही. शस्त्र नष्ट करणार. "आणि सर, शेवटी ते कापून उघडावं लागलं. आत सहाही गोळ्या होत्या. त्याच जुन्या लेपात चिकटलेल्या."

रिकामं आहे, म्हणाला होतात. मिठाच्या वाटीशेजारी ठेवून म्हणाला होतात, आणि दुसऱ्या सकाळी तेच माझ्या हाती देऊन सुखाने स्नानाला गेलात. भरलेले शस्त्र बारा वर्षांच्या मुलाला पूजेसाठी देणारा गृहस्थ मला आयुष्यभर निष्काळजी म्हणत राहिला. मी हे आईला सांगितलेले नाही. तुम्हालाही पाठवणार नाही. पत्ता असता तरी.

एक किरकोळ गोष्ट तेवढी राहते. गन-ऑइलची बाटली त्या सकाळी पाटाशेजारीच होती. जवसाचे तेल बॅटवर कसे कडक होते, हे मला पक्के ठाऊक होते. तुम्ही मूर्ख म्हणालात आणि मी मूर्ख राहिलो, कारण खरे सांगितले असते तर तुम्ही दुसरे आणले असते.

बाकी क्षेम. पोलिसांनी सोवळे परत केले आणि डब्याचे झाकणही परत केले, पण डबा नाही. तीनदा फोन केला. त्यांच्या यादीत डबा नाहीच, फक्त झाकण आहे. दिवाळी तोंडावर आली आहे आणि आई रोज विचारते, "चकल्या काय झाकणात ठेवू?"