उपासाचं दूध

३० ऑगस्ट १९९८
॥ श्री ॥ देवाच्या कृपेने आज दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला आलो. लग्न वैशाखात झालं, पण क्वार्टर आत्ता मिळालं. दोन खोल्या, मागं मोरी, नळ दारातच. देवघर पूर्वेला लावलं. टेम्पोवाला ऐंशी मागत होता, साठात मानला. हे एवढे दमलेले, तरी रात्री स्वतः हळद घालून दूध केलं माझ्यासाठी. जरा कडवट वास आला, हळदीचाच असेल. रोज देणार म्हणाले.

३ सप्टेंबर
काल एकादशी. उपासाला हळद चालत नाही, म्हणून दूध घेतलं नाही. आज पहाटे आपोआप जाग आली. इथं आल्यापासून उठते ती अंगावर दगड ठेवल्यागत, आमटीत मीठ दोनदा पडतं. हे सांगितलं तशा शेजारच्या सुलतानबी हसल्या. म्हणाल्या, प्रतिभा बी अशीच झोपाळू व्हती बाई. प्रतिभा म्हणजे यांची पहिली बायको, दौंडातल्याच जुन्या खोलीत असताना सुलतानबींच्या शेजारी राहायची. ती तापानं गेली असं आम्हाला सांगितलं होतं. सुलतानबींना ताप काही आठवेना.

१० सप्टेंबर
यांनी सिनेमा दाखवला. उगाच पैसे. नवरा बायकोला औषध पाजत राहतो, ती विसरभोळी होते, लोक तिला वेडी म्हणतात. सगळं तिच्या जमिनीसाठी. शेवटी पोलीस आले तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. येताना हे म्हणाले, ज्या कादंबरीवरून काढलाय ती मी दोनदा वाचलीय, तिच्यात पोलीस येतच नाहीत. आणि हसले.
माहेरची, वडगाव रासाईची नदीकाठची तीन एकर आबांनी माझ्या नावावर केलीय.
घरी आल्यावर दूध दिलं. मी प्यायले.

१७ सप्टेंबर
काल पुन्हा एकादशी. आज पुन्हा डोकं लख्ख. देवा, हा योगायोग असू दे.
यांनी आबांना पत्र टाकलंय, तुमच्या मुलीच्या डोक्याचं काही खरं नाही म्हणून. आबा दसऱ्याला येतायत.

२१ सप्टेंबर
घट बसवले. नऊ दिवसांचा उपास धरला. हळद नाही, दूध नाही. आबा येईपर्यंत शुद्धीत राहायचं.  हे नुसते बघत राहिले.

२६ सप्टेंबर
आमटीत मीठ एकदाच पडतं. आठवतं सगळं. हेही बघतायत, मला आठवतंय ते —

२९ सप्टेंबर
आज यांनी देवीपुढं पेला ठेवला. दूध, साखर, वेलदोडा. हळद घातली नाही, उपासाला चालतं म्हणाले. नैवेद्य दाखवला, मग माझ्या हातात दिला. प्रसाद. नाही कशी म्हणू — देवीपुढचा —

समोर बसलेत. लिहून घे, मग पी म्हणतात.
आबा, मी उपास मोडला नाही. हळद नाही तरी वास तोच — कडवट — हे विचारतायत, पुस्तकात शेवटी काय होतं सांगू का, तिचा बाप येतो तेव्हा ती